खोड थोरलीचं, वेल धाकटीची

झाड पाडायचं ठरलं तेव्हा थोरलीला कोणी विचारलं नाही. तिला कळलं ते सकाळी, ओले केस पंच्यात गुंडाळून ती मागच्या दारात आली तेव्हा, आणि तेही कोणाच्या तोंडून नव्हे. अंगणात एक परका माणूस उभा होता. खांद्यावर दोराचं भेंडोळं, मान पार मागे टाकलेली, नजर अक्रोडाच्या शेंड्यावर. झाडाकडे असं बघणारा माणूस एकतर फळ उतरवायला आलेला असतो, नाहीतर झाडच उतरवायला. आणि अक्रोड वेचून तर महिना होऊन गेला होता.

"हा कोण?"

"झाडवाला," मुलगा म्हणाला. तो बूट घालत होता, त्यामुळे मान खाली ठेवायला त्याची सोय झाली होती. "आई, तुला सांगणारच होतो."

"कधी? सरपण रचून झाल्यावर?"

"गेल्या वाऱ्यात फांदी पडली, खोपीचं छप्पर बसलं. तूच बघितलंस. आता अख्खं झाड झुकलंय, आणि तेही तुझ्या खोलीवर."

"माझ्या खोलीवर ना? मग तुझी झोप का उडाली?"

सून दारामागे होती. ती हसली असावी, कारण तिच्या हातातल्या कपबश्या वाजल्या. मुलाने तिकडे रागाने पाहिलं. या घरात सून सासूच्या बाजूने हसली की त्याला ते झोंबायचं. आणि सासूला त्याहून जास्त, कारण तिने सुनेकडे कधी बाजू मागितली नव्हती.

थोरली पायऱ्या उतरली. आधी डावा पाय, मग कठडा, मग उजवा. चार वर्षांपासून उजव्या गुडघ्याचा काही भरवसा नव्हता.

झाड म्हणायचं ते एका सवयीने. खरा अक्रोड कित्येक वर्षांत कोणी धड पाहिलाच नव्हता. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत त्याच्यावर वेल चढली होती. तिचे दांडे खालती मांडीएवढे जाड, एकमेकांत पिळलेले. वर पानांचा असा दाट ढीग की आत हात घातला तर कोपरापर्यंत खोड लागायचं नाही. थंडीत बाकीची झाडं उघडीबोडकी व्हायची, हे मात्र हिरवंगार. पाहुणे म्हणायचे, काय छान.  पूर्वी या झाडाचे अक्रोड पोत्याने निघायचे, सोलून सोलून घरातल्या बायकांचे हात काळे पडायचे आणि ते काळेपण महिनाभर जायचं नाही. यंदा एक टोपली निघाली होती. थोरलीचे हात गोरेच राहिले होते, आणि ते तिला आवडलं नव्हतं.

झाडवाल्याने पानांत खांद्यापर्यंत हात घातला, आतून खोडावर लाकडी हातोडीने ठोकलं, कान लावला. मग बाजूला जाऊन पुन्हा ठोकलं.

"पोकळ आहे ना?" मुलाने विचारलं. त्याला हो ऐकायचं होतं.

"नाही. भरीव आहे. झाड मेलेलं नाही साहेब, दमलंय." तो थोरलीकडे वळला. "किती वर्षांची ही वेल, आजी?"

"आजी तुझ्या घरी. बाई म्हण."

"बरं, बाई."

"एकोणचाळीस."

"आणि एकदाही छाटली नाही?"

थोरलीने डोक्यावरचा पंचा घट्ट केला. तो सांगत राहिला, ऐकायला समोर कोणीतरी आहे एवढ्यानेच खूश होऊन. थंडीत झाड पानं टाकून देतं ते उगाच नाही. वारा फांद्यांतून निघून जावा म्हणून. पण वेल पानं टाकत नाही. म्हणजे भर वाऱ्याच्या दिवसांत झाडाने अंगावर शीड बांधून उभं राहिल्यासारखं होतं. वर सगळं ते वजन. म्हणून फांदी मोडली, म्हणून झुकलं. "वेल खालून कापली, दोन मेलेल्या फांद्या उतरवल्या, तर तुमच्या माझ्या मागे उभं राहील. पण करायचं तर आज. परवापासून वारा धरणार म्हणतात, आणि उद्यापासून मी दुसऱ्या गावी आहे. नाहीतर साहेब म्हणतात तसं. पाडायला मी दोर आणलेलाच आहे."

"मग काप वेल," मुलगा म्हणाला. आईशी भांडण टळत होतं, तेवढं त्याला पुरेसं होतं.

झाडवाल्याने करवत काढली.

"थांब," थोरली म्हणाली. "वेल आपली नाही."

"आई, आता ते कागदाचं काढू नकोस."

"कागद तुझ्या आजोबांचा आहे. मी कोण काढणार नि ठेवणार!"

झाडवाला एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागला, तेव्हा सुनेने त्याला चहा दिला आणि थोडक्यात समजावलं. घर एकच होतं, दोन भावांत मधोमध वाटलं गेलं. अंगणात छातीएवढी भिंत आली. भिंतीच्या रेषेत नेमका अक्रोड. आजेसासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं: खोड थोरल्या घराचं, वेल धाकट्या घराची, एकाने दुसऱ्याच्या जिनसेला हात लावू नये. दोघे भाऊ गेले, आजेसासरे त्याआधीच गेले. राहिल्या दोघी जावा, भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. एकतीस वर्षं बोलणं नाही.

"वेल कोण वाटणीत मागतं?" झाडवाल्याने चहात फुंकर घालत विचारलं.

सूनही ते कधी विचारायला धजली नव्हती. तिने सासूकडे पाहिलं. थोरलीने वर, पानांकडे.

तिला सगळं आठवत होतं, न आठवायला काय झालं. ती वेल धाकटीने माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती, नवी नवरी असताना, आणि दोघींनी मिळूनच ती बुंध्याशी खोचली होती. थोरलीने पाणी घातलं होतं. तेव्हा धाकटी तिला ताई म्हणायची. मग आठ वर्षांनी वाटणीचं निघालं, आवाज चढले, आणि भर अंगणात, पुरुषमाणसांसमोर, थोरलीने त्या वेलीकडे बोट करून म्हटलं होतं, "ती बघ, आणि मग आरशात बघ. दुसऱ्याच्या अंगावर चढून उंच होणारी जात!"  दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी धाकटीला विचारलं, तुला काय हवं ते सांग. भांडी नाही, कपाट नाही, मागची खोली नाही. ती म्हणाली, "वेल."

तेव्हापासून थोरलीने त्या वेलीचं एक पानही खुडलं नव्हतं. पानं तिच्या खिडकीत आली, तिने खिडकी बंद केली. ताठा म्हणा, पण शब्द म्हणजे शब्द.

बोलणं नव्हतं म्हणजे अगदीच नव्हतं असं नाही. थोरली अंगणात उभी राहून आभाळाला ऐकवायची, "काही लोकांना पहाटे पहाटे खोकायची फार हौस!" किंवा, "काही लोकांचे कपडे आठ आठ दिवस दोरीवर, जणू प्रदर्शन!" भिंतीपलीकडून शब्द यायचा नाही. पण धाकटी भरलेली बादली नळाच्या दगडावर अशी आदळायची की अंगणातली कबुतरं उडायची. ते उत्तर. बादलीच्या आवाजावरून थोरलीला कळायचं की आज बाण लागला की फुकट गेला. ती समाधानाने घरात जायची.

"मी जाऊन काकूंना विचारून येते," सून म्हणाली. "त्या आज दुपारी निघतायत. मग राहून जाईल."

"निघतायत? कुठे?"

"लेकीकडे, चिमणीकडे. कायमच्या. घराची किल्लीपण देऊन जाणार आहेत."

थोरलीने पंचा डोक्यावरून काढला, दोरीवर टाकला, त्याची दोन्ही टोकं सारखी केली. मग म्हणाली, "तुला बरं ठाऊक."

सूनही या घरात मुरली होती. तिने मान खाली घातली नाही. "मी जाते त्यांच्याकडे. रोज, तुम्ही दुपारी पडलात की. बारा वर्षं झाली."

"बारा वर्षं!" मुलगाच ओरडला. त्यालाही ठाऊक नव्हतं. आता तो आईच्या बाजूला येऊन उभा राहिला, पण थोरलीने त्याला हाताने दूर केलं.

"काय बोलता रोज?"

"तुमच्याबद्दल," सून म्हणाली. "दुसरं काय आहे आम्हा दोघींत?"

थोरली हिशोबाने चिडायला हवी होती. पण तिला एवढंच वाटलं की त्या दुपारी आपण झोपत नव्हतो, नुसतं पडून असायचो, छताकडे बघत. आणि भिंतीपलीकडे दोन बायका बसून आपल्यावर बोलत होत्या. तिघींचा विषय एकच, आणि खोलीत एकटी तेवढी तीच.

"कोणी जायचं नाही," ती म्हणाली. "मी जाते."

*

पलीकडच्या दाराला चार पायऱ्या होत्या. तिच्याकडे तीन. हे ती विसरली होती, आणि चौथ्या पायरीला गुडघा कुरकुरला.

दार चिमणीने उघडलं. लहानपणी चिवचिव करायची म्हणून चिमणी. आता चाळिशीला टेकलेली, नाकावर चष्मा, हातात पॅकिंगच्या चिकटपट्टीचं रीळ. "मोठी आई? तुम्ही?"

"बाजूला हो. तुझ्याकडे नाही आले."

आतल्या खोलीत गादी गुंडाळून ठेवलेली, खाटेच्या उघड्या फळ्या, भिंतीवर काढलेल्या फोटोंच्या जागी पांढरट चौकोन. फळीवर धाकटी बसली होती, टॉवेलाच्या घड्या घालत. एकतीस वर्षं भिंतीवरून दिसली तेवढीच धाकटी थोरलीला ठाऊक होती, खांद्यापासून वरची. खांद्याखाली बाई किती वाळली होती ते आज दिसलं.

"बसा," धाकटी म्हणाली. ताई नाही, जाऊबाई नाही, नुसतं बसा.

"बसायला नाही आले."

"मग उभ्या राहा. गुडघा तुमचा आहे. उजवाच ना? चार वर्षं झाली, पायरी उतरताना डावा पाय आधी टाकता."

थोरली बसली. "काही लोकांना दुसऱ्याच्या घरात डोकवायला बराच वेळ असतो."

"असतो की. पहाटे खोकला येतो, मग झोप येत नाही. मग बघत बसते."

इथे बादली नव्हती, म्हणून धाकटीने टॉवेल मांडीवर जरा जोरात आपटला. त्याचा आवाज झाला नाही. दोघींनाही ते चमत्कारिक वाटलं.

"झाडवाला आलाय," थोरली म्हणाली.

"ऐकलं. पाडणार ना?"

"नाही पाडणार. पण वेल..." पुढचं वाक्य तिने येताना चार पायऱ्यांवर जुळवून ठेवलं होतं, आता ते अर्धंच बाहेर आलं. "वेल कापली तर झाड राहतं म्हणतो."

"बरं."

"वेल कापावी लागेल."

"हे तुमचा झाडवाला सांगतोय. तुम्ही काय म्हणता?"

ही बाई सोडणार नव्हती. बरोबरच होतं. थोरलीनेही सोडलं नसतं. चिमणी दारात श्वास धरून उभी होती. थोरलीने फळीवर दोन्ही हात टेकले.

"मी विचारायला आलेय. तुझी वेल कापू का?"

धाकटीने टॉवेलाची घडी मोडली, पुन्हा घातली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मलाच छाटायची होती. दहा-बारा वर्षांपूर्वीच. माझ्या खिडकीतला उजेड गेला तिच्यापायी. कात्री काढली, शिडी काढली. पण शिडी टेकवणार कशाला? तुमच्या खोडाला! कागदात काय लिहिलंय?"

"मग विचारायचं होतंस."

"तुम्ही विचारायचं होतं."

"देवा," चिमणी म्हणाली, "त्या झाडापायी तुम्ही दोघी... तुम्ही वेड्या आहात का?"

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या.

*

पहिला घाव धाकटीने घातला. "माझी आहे, मीच घालणार," म्हणाली, आणि झाडवाल्याच्या हातून करवत ओढून घेतली. दांडा करकरला, भुसा उडाला. चार वेळा ओढल्यावर तिला खोकल्याची उबळ आली. थोरलीने न बोलता पलीकडून दांडा धरला, म्हणजे करवत अडकू नये. मग पुढचं झाडवाल्याने केलं.

कामाची त्याची एक रीत होती आणि ती घाईची नव्हती. गुडघ्याएवढ्या उंचीवर त्याने खोडाभोवती सगळे दांडे कापले, मग छातीएवढ्या उंचीवर तेच दांडे पुन्हा, आणि मधला पट्टा लाकडी पाचर घालून हलके हलके सोडवून काढला. मुलगा मदतीला आला तो बाह्या सरसावूनच. त्याने वरून लोंबणारा एक हिरवा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि झटका देऊन ओढला. दांडा आला, त्याबरोबर तळहाताएवढी साल आली. खाली ओलं, पिवळं लाकूड दिसलं.

"अहो साहेब!" झाडवाला धावला. "वरचं ओढायचं नाही! जिवंत वेल ओढली की साल घेऊन येते. वर आहे ते तिथेच राहू द्या. वर्षा-दीड वर्षात वाळेल, आपोआप गळेल. तेवढा धीर धरायचा."

मुलाने हात झटकले आणि आईकडे पाहिलं. लहानपणी काही फुटलं की पाहायचा तसंच.  थोरलीने त्या उघड्या जागेवर अंगठा ठेवला. अंगठ्याला ओल लागली.

"मुळं इकडे आहेत सगळी," झाडवाला भिंतीपलीकडून म्हणाला. तो बुंध्याजवळची माती उकरत होता. "पुष्कळ पसरलीत."

"झाडात किती गेलीत?" थोरलीने विचारलं.

"झाडात कुठली? ही वेल झाडाचं काही खात नाही, बाई. हे बारीक केसासारखे दिसतात ना सालीवर, ते नुसते धरून राहायला. खाणंपिणं सगळं तिच्या स्वतःच्या मातीतून. ती फक्त आधार घेते. त्रास वजनाचा आणि वाऱ्याचा."

"अगदी काही नाही?"

"थेंबभरही नाही. लोक म्हणतात, झाडाच्या जिवावर वाढते. लोक काहीही म्हणतात."

भिंतीच्या पलीकडे धाकटी उभी होती, पुन्हा खांद्यापासून वरचीच. ती झाडवाल्याकडे बघत होती. सून कापलेले दांडे गोळा करत होती, तिचेही हात थांबले.

"लोक नाही," थोरली म्हणाली. "मी म्हणाले होते."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "मी तिथेच होते."

एवढंच. दोघींपैकी कोणी डोळ्यांना पदर लावला नाही. झाडवाल्याला काही कळलं नाही, त्याने पाचर ठोकली आणि शेवटचा दांडा सुटून खाली आला.

दुपारी गाडी दारात लागली. चिमणी खोकी भरत होती, धाकटी मात्र एक बादली सोडायला तयार नव्हती. पोचे पडलेली, कडी एका बाजूला तारेने बांधलेली.

"आई, माझ्याकडे आहेत बादल्या!"

"अशी नाही."

कापलेल्या ढिगातून तिने वेलीची एक कोवळी फांदी उचलली होती, आणि ती बादलीत उभी करून बघत होती. थोरली आपल्या दोरीवरचा पंचा घेऊन आली, तिने दातांनी किनार तोडून टर्रकन एक पट्टी फाडली, नळाखाली भिजवली आणि फांदीच्या बुडाला गुंडाळली. गाठ दोनदा मारली. "अशीच आणली होतीस. फडकं मात्र याहून मळकं होतं."

"तुम्हीच म्हणाला होतात, जगणार नाही म्हणून."

"मी पुष्कळ काही म्हणते."

धाकटी गाडीत बसली. बादली जड नव्हती, पण दार अरुंद. थोरलीने ती दोन्ही हातांनी उचलून मागच्या सीटवर ठेवली, हलू नये म्हणून गादीला टेकवली.

"येते," धाकटी म्हणाली.

"कधी?"

धाकटीने चिमणीकडे पाहिलं. चिमणी चष्मा पुसत होती. "बघू," धाकटी म्हणाली, आणि काच वर गेली.

*

दिवस कलला तेव्हा झाडवाला दोन मेलेल्या फांद्या दोरावरून उतरवून, सामान आवरून गेला. मुलाने येऊन विचारलं, "झालं ना तुझ्या मनासारखं? राहिलं झाड." ती हो म्हणाली. तो आत गेला. सुनेने शाल आणून पायावर टाकली, जरा घुटमळली, आणि तीही गेली. तिला आता दुपारी जायला कुठलं घर राहिलं नव्हतं, हे थोरलीच्या लक्षात आलं. पण ते बोलून दाखवायला अजून वेळ होता.

अक्रोडाच्या कमरेला उघड्या सालीचा एक पट्टा दिसत होता, फिकट, वेलीच्या केसाळ मुळांच्या खुणांनी भरलेला. एकोणचाळीस वर्षांनी खोड दिसत होतं. वर मात्र सगळं हिरवंच. कापली गेल्याचं वरच्या पानांना अजून कळलं नव्हतं. ती वाऱ्यावर हलत होती, नेहमीसारखी. पलीकडच्या घरात उजेड नव्हता. नळ कोणी नीट बंद केला नव्हता, दगडावर थेंब पडत होते.

थोरलीने घसा साफ केला.

"काही लोक," ती मोठ्याने म्हणाली, "हातातली कामं टाकून गावाला निघून जातात, आणि पाचोळा झाडायला आम्हाला ठेवतात!"

बरा जमला होता. एकतीस वर्षांत इतका नेमका क्वचितच जमला असेल. अंगणातली कबुतरं छपरावर स्वस्थ बसली होती. ती मान जराशी तिरकी करून, श्वास धरून थांबली.

मग तिला आठवलं. बादली गाडीच्या मागच्या सीटवर होती, गादीला टेकवलेली. तिनेच दोन्ही हातांनी ठेवली होती, हलू नये म्हणून.